टेबलावरचे तीन ठोके

तिचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. 'सोमवारबाई' म्हटलं की चर्चच्या दारापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत कुणीही बोट दाखवायचं, ती बघा, ती. हे नाव कुणी पाडलं ते नक्की सांगता येत नाही, पण का पाडलं ते सगळ्यांना माहीत होतं. रविवारी पाळक जे सांगायचे ते बाकीची मंडळी मान डोलावून ऐकायची, दारात एकमेकांना 'आज छान बोलले हं' म्हणायची आणि घरी जाऊन जेवायची. ही बाई ते सोमवारी करायची.

एकदा उपदेश झाला, की कुणी तुमचा अंगरखा नेला तर त्याला वरचा झगाही नेऊ द्या. त्याच सुमाराला हिच्या दोरीवरची फुलाफुलांची चादर गेली होती, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या पलंगावर ती अंथरलेली खिडकीतून रोज दिसत होती. सोमवारी कामावर जाताना हिनं त्याच फुलांचे दोन अभ्रे कडक इस्त्री करून शेजारणीच्या हातात ठेवले.

"घ्या. जोडी अपुरी राहायची."

शेजारणीच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, ती चादर ना, मी काय म्हणते..."

"चादर राहू द्या हो. अभ्र्यांशिवाय शोभत नाही ती."

संध्याकाळी चादर आणि अभ्रे धुऊन, घडी घालून परत आले. हिनं घेतले नाहीत. पुढं वर्षभर ती शेजारीण जिन्यात हिची चाहूल लागली की दार लोटून घ्यायची.

दुसऱ्या एका रविवारी पाळकांनी तुरुंगातल्या माणसांना भेटण्याबद्दल सांगितलं. सोमवारी सकाळी ही त्यांच्या दारात हजर. पाळक दात घासत होते.

"तुरुंग किती वाजता उघडतो?"

"बाई, त्या वचनाचा अर्थ तसा जरा व्यापक आहे..."

"व्यापक नंतर बघू. आज मला दुपारची पाळी आहे. सकाळ मोकळी आहे."

पाळक गेले. तोंडाला फेस तसाच घेऊन गेले म्हणतात, पण ते खरं नसावं. त्यानंतर मात्र ते दर महिन्याला जायला लागले. पुढं एकदा त्यांनीच हसत सांगितलं, की उपदेश लिहिताना आधी या बाईचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा लागतो. "जपून बोलायला लागतं. आपण बोलून जातो, ती करून बसते."

यावरून ती मऊ, गोड, डोळे मिटून हात जोडणारी असेल असं वाटत असेल तर तसं नव्हतं. हाडापेरानं दणकट, चालणं तरातरा, बोलणं तोडून. भलं करायची तेही भांडल्यासारखं. आजारी माणसाला पेज नेऊन दिली तर म्हणायची, "गिळा मुकाट्यानं, आणि भांडं घासून पाठवा."

तरी एक गोष्ट होती. क्षमेवर उपदेश झाला की ही बाकावर ताठ बसायची, समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडं बघत. त्या एका विषयाला तिच्या आठवड्यात सोमवार नव्हता.

तो विषय म्हणजे तिची नणंद.

आमचा कारखाना मोठ्या खोळी, पडदे आणि खुर्च्यांची कव्हरं शिवायचा. मधोमध वीस पावलं लांबीचं एक टेबल. कापडाचं ठाण उलगडत टेबलावर एकावर एक थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आकार आखायचा आणि मग सगळे थर एकदम कापायचे. थर घालायची सोमवारबाई. कापायची तिची नणंद. कापायच्या मशीनवर तिचा हात असा चालायचा की आम्ही तिला 'कात्री' म्हणायचो, अर्थात तिच्या पाठीमागं.

दोघी एका टेबलाच्या दोन टोकांना, आणि नऊ वर्षं एकमेकींशी अवाक्षर नाही.

नऊ वर्षांपूर्वी सोमवारबाईचा नवरा, म्हणजे कात्रीचा धाकटा भाऊ, दवाखान्यात होता. ही आठ दिवस त्याच्या उशाशी बसून होती. आठव्या दिवशी दुपारी नणंदेनं हिला जबरदस्तीनं घरी पाठवलं. 'जा, अंघोळ कर, दोन घास खा, तो बरा आहे, मी बसते.' ही गेली. अंघोळ करून केस पुसत होती तेवढ्यात निरोप आला. तेव्हापासून हिच्या मनात एकच होतं: माझ्या माणसाचा शेवटचा तास हिनं स्वतःकडं ठेवून घेतला. आणि नणंदेचं म्हणणं काय होतं ते कुणाला कळलंच नाही, कारण हिनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिनं चर्चला येणंही सोडलं. एका घराण्याचा एक बाक होता, त्यावर वहिनी बसायची.

पण काम थांबत नाही. थर घालताना दोन टोकांच्या दोन माणसांना सारखं बोलावं लागतं, 'घे', 'थांब', 'जरा वाकडं गेलं'. या दोघींनी त्यावर तोड काढली. नणंद खडूच्या डबीनं टेबलावर ठोकायची. एक ठोका म्हणजे पुढं घे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे चुकलंय, परत घे. नऊ वर्षं त्या ठोक्यांवर शेकडो पडदे आणि हजारो कव्हरं निघाली, आणि एकाचीही कड वाकडी नव्हती. इस्त्रीवाला म्हणायचा, "माझी बायको दिवसभर बोलते तरी आमचं एक काम सरळ होत नाही. उद्या डबी घेऊन जातो घरी."

मग मखमलीचं काम आलं.

एका नव्या सभागृहाच्या तीनशे खुर्च्या. गोल पाठीच्या. त्यांना गर्द लाल मखमलीची कव्हरं. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, खालून वर फिरवला तर खरखरीत. एका दिशेनं बघितलं तर रंग गडद, दुसऱ्या दिशेनं फिका. म्हणून मखमलीचे सगळे थर एकाच दिशेनं घालावे लागतात. एक थर घातला की कापड तोडायचं, ठाण उचलून पुन्हा पहिल्या टोकाला न्यायचं, तिथून दुसरा थर. वीस पावलं जा, वीस पावलं ये.

उद्घाटनाला सहा दिवस राहिले होते. मालक टेबलापाशी आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "हे काय चाललंय, फेऱ्या मारणं? साधं कापड घालता तसं घाला. टोकाला गेलात की दुमडा आणि तसेच परत या."

"लव उलटी पडेल," नणंद म्हणाली.

"खुर्चीवर माणूस बसणार आहे बाई, तो लव कुरवाळत बसणार आहे का? दुमडून परत या."

मालक वळले. नणंदेनं डबी उचलली आणि तीन ठोके दिले. चुकलंय, परत घे. सोमवारबाईनं ऐकलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. नणंदेनं पुन्हा तीन ठोकले, जोरात. आणि सोमवारबाईनं ठाण दुमडलं आणि परत फिरली.

तीनशे कव्हरं शिवून, इस्त्री होऊन गेली. सभागृहात खुर्च्यांवर चढवली, दिवे लावले आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. एक खुर्ची गडद, शेजारची फिकी, पुन्हा एक गडद. एवढ्या मोठ्या सभागृहात कुणीतरी बुद्धिबळाचा पट मांडून ठेवला होता.

शनिवारी संध्याकाळी मालकांनी सोमवारबाईला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. आमचे मालक म्हणजे चर्चच्या कारभारी वडीलधाऱ्यांपैकी एक. रविवारी शास्त्रपाठ वाचायचे आणि अर्पणाची थाळी फिरवायचे. आवाज असा खर्जातला, की त्यांनी वंशावळ वाचली तरी लोक डोळे पुसायचे. त्यांनी एक छापील कागद पुढं केला. हिनं ओळीखाली बोट धरून सावकाश वाचला. कटरबाईंनी, म्हणजे कात्रीनं, मालकांना न विचारता, स्वतःच्या मनानं थर उलटसुलट घालायला लावले. खाली लिहिलं होतं: साक्षीदार.

"तुमच्या शब्दाला वजन आहे बाई. तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळं गाव जाणतं. एवढी सही झाली की सभागृहवाले गप्प बसतील."

"आणि त्या?"

"त्यांना जावं लागेल. इथून, आणि दुसरीकडंही कुणी उभं करणार नाही. पण तुम्हाला त्यांचा पुळका असायचं काही कारण नाही, काय?"

"पुळका नाही," ती म्हणाली. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

"मग सोमवारी सही करून आणा."

ती नाही म्हणाली नाही. हे सांगितलंच पाहिजे, कारण तिनं स्वतःही कधी लपवलं नाही. कागद पिशवीत घालून घरी जाताना अंगात एक हुशारी भरली होती, असं ती म्हणायची. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते आयतं हातात आलं होतं. फक्त आपलं नाव लिहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला मालकच उभे राहिले. त्या रविवारी नेमका तो भाग होता: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास, आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. मालकांनी फार सुंदर वाचलं. 'आधी जा' या दोन शब्दांवर त्यांनी आवाज असा खाली नेला की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानंसुद्धा हुंकार दिला.

सोमवारबाई ओलीच्या डागाकडं बघत होती. आजवर तिनं ते वचन कायम एकाच बाजूनं ऐकलं होतं. माझ्या मनात तिच्याविरुद्ध आहे, मग तिनं यावं. पण आत्ता वाचलं ते उलटं होतं. तिच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. आणि तिच्या मनात काय असेल ते हिला चांगलं ठाऊक होतं. तीन ठोके. दोनदा.

अर्पणाची थाळी बाकापाशी आली. हिनं हातातला लिफाफा थाळीत टाकला नाही, बाकावर ठेवला. उठली. भर उपासनेत, सगळ्यांचे गुडघे ओलांडत बाहेर निघाली.

"बाई, बरं वाटत नाही का?" थाळी धरलेले मालक हळूच म्हणाले.

"तुम्हीच आत्ता वाचलंत ना, आधी जा म्हणून? जातेय."

आणि पाळकांनी नंतर सगळ्यांना सांगितलं, की या बाईनं सोमवारची वाट न बघितल्याचं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

नणंद दोन गल्ल्या पलीकडं एका खोलीत राहायची. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात ओलं फडकं होतं. वहिनीला बघून ती बाजूला झाली नाही, दारातच उभी राहिली.

"कोण मेलं?"

"कोणी नाही. वन्सं, मला आत घ्या नाहीतर जिन्यात बोलते. जिन्यात बोलले तर चार मजले ऐकतील."

नणंदेनं आत घेतलं. खुर्ची दिली नाही. हिनंही मागितली नाही. उभ्याउभ्याच बोलली.

"तुम्ही तीन ठोके दिलेत ते मी ऐकले होते."

"माहितीय. तुझे कान काही गेले नव्हते."

"मालक म्हणाले म्हणून मी दुमडलं नाही. तुम्ही नको म्हणालात म्हणून दुमडलं. दुसऱ्या कुणी ठोकलं असतं तर थांबले असते."

नणंद फडकं पिळत राहिली. पाणी जमिनीवर पडत होतं तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"तेही माहितीय," ती म्हणाली. "एवढंच सांगायला चर्चमधून उठून आलीस?"

हिनं पिशवीतून कागद काढून दिला. नणंदेनं वाचला, परत केला.

"कर सही. मी कुणाची मेहेरबानी घेऊन जगले नाही. तुझी तर नाहीच नाही."

"मेहेरबानी कोण करतंय? तुम्ही मला आवडत नाही वन्सं. काल आवडत नव्हतात, आजही नाही. वैऱ्यावर प्रेम करा असं सांगितलंय, वैरी आवडून घ्या असं कुठं सांगितलंय? ते आपोआप झालं तर बघू."

नणंदेच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू असावं, पण नऊ वर्षं वापरात नसल्यामुळं ओळखू आलं नाही.

"त्या दिवशी..." ती म्हणाली आणि थांबली. "दवाखान्यात. मला खरंच वाटलं होतं की तो बरा आहे. त्यानं पाणी मागितलं होतं, हसला होता. मला वाटलं होतं की तू परत येशील तेव्हा तो उठून बसलेला असेल."

सोमवारबाईनं कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

"आज एवढं पुरे," सोमवारबाई म्हणाली. "सगळं आजच काढलं तर मला झेपायचं नाही."

"मलाही," नणंद म्हणाली. आणि दार लावताना, "फरशी पुसली होती गं मी. बघ काय करून ठेवलंयस."

"पाणी तुमच्या फडक्याचंय!"

सोमवारी सकाळी सगळे आपापल्या जागी होते. मालक केबिनमधून बाहेर आले तशी ती टेबलापासून चालत त्यांच्यापुढं गेली आणि कागद हातात दिला.

"झाली सही?"

"झाली. सगळ्यात खाली आहे."

मालकांनी बघितलं. छापील मजकुरावर शाईची आडवी रेघ होती, आणि खाली बोटाएवढ्या जाड अक्षरात काहीतरी लिहिलं होतं.

"हे काय आहे?"

"वाचा की. तुमचं वाचन छान आहे."

मालक ओठांतल्या ओठांत वाचायला लागले.

"मोठ्यानं, मालक. मागच्या बाकापर्यंत जाऊ द्या."

इस्त्रीवाल्याला ठसका लागला. मशीन एकेक करून थांबली. मालकांनी मोठ्यानं वाचलं नाही, पण तिला पाठ होतं, तिनंच म्हणून दाखवलं. "दुमडून परत या, असं मालक म्हणाले. कटरबाईंनी तीन ठोके दिले, दोनदा. मी ऐकले आणि जुन्या रागापायी थांबले नाही. मालकांची चूक आहे आणि माझी आहे. कटरबाईंची नाही."

मालकांचे कान मखमलीच्या रंगाचे झाले. "नोकरांनी धन्याचं ऐकावं, असं शास्त्रात लिहिलंय. विसरलात?"

"नाही विसरले. त्याच्यापुढं धन्यांना सांगितलेलंही आहे, की तुमच्याही वर एक धनी आहे. ते तुमच्या वाचनात कधी आलं नाही?"

"मी हा कागद फाडून टाकीन."

"टाका. सभागृहवाल्यांना मी तोंडी सांगेन. मला पाठ आहे, आत्ता ऐकलंत तुम्ही."

"पिशवी उचला," मालक म्हणाले. खर्ज पार गेला होता, आवाज पत्र्यासारखा वाजला. "निघा इथून. आत्ताच्या आत्ता."

तिनं पिशवी उचलली. चेहरा तसाच. दाराकडं चार पावलं गेली आणि मागून टेबलावर आवाज आला. ठक, ठक.

दोन. थांब.

ती थांबली. नऊ वर्षांची सवय, पाय आपोआप थांबले.

कात्रीनं डबी खाली ठेवली. "मालक, तीनशे कव्हरं पुन्हा कापायची आहेत. सभागृहवाले ती घेतल्याशिवाय राहणार नाहीत, तुम्ही कुणाचंही नाव पुढं केलंत तरी. मखमलीचा थर एका माणसानं पडत नाही. हिला काढताय तर या, दुसऱ्या टोकाला तुम्ही उभे राहा. मी ठोकते."

कुणीतरी हसलं. मग इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि हात बांधून उभा राहिला. त्याच्यामागं शिवणाऱ्या बायांनी पाय मशीनच्या पायडलवरून काढले. कुणी घोषणा दिल्या नाहीत की काही नाही. फक्त कारखान्यात एवढी शांतता झाली, की काचेच्या केबिनमधलं घड्याळ ऐकू यायला लागलं. मालकांनी ते ऐकलं. कागद खिशात कोंबला आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

त्या दिवशी मखमल एका दिशेनं पडली. थर घालायचा, तोडायचा, ठाण खांद्यावर घ्यायचं आणि वीस पावलं परत. सोमवारबाईनं त्या फेऱ्या चार दिवस केल्या, आणि उद्घाटन आठवडाभर पुढं गेलं. मालक गप्प बसले नाहीत. टेबलावरचा पंखा 'दुरुस्तीला' म्हणून काढला तो पुन्हा लावलाच नाही. दोघी घामाघूम व्हायच्या आणि पंख्याच्या रिकाम्या हुकाकडं बघून एकदमच नाक मुरडायच्या. ठोके चालूच राहिले. "बोलायला काय झालं आता?" असं इस्त्रीवाल्यानं विचारलं तर कात्री म्हणाली, "ठोक्यात भांडण होत नाही."

पुढच्या रविवारी नणंद चर्चला आली. घराण्याच्या बाकावर या टोकाला वहिनी, त्या टोकाला ती, मध्ये तीन माणसांची जागा. अर्पणाची थाळी घेऊन मालक आले. चर्चच्या राखणदारानं सांभाळून ठेवलेला तो गेल्या रविवारचा लिफाफा सोमवारबाईच्या हातात होता. तिनं तो थाळीवर धरला आणि तसाच धरून ठेवला.

"टाका बाई," मालक पुटपुटले. "लोक थांबलेत."

"मीही थांबलेय. समेट झाला की नाही ते मला एकटीला ठरवता येत नाही."

मालक थाळी धरून उभे. हात अवघडायला लागला. पेटी वाजवणारीनं गाण्याचं शेवटचं कडवं संपवलं, इकडं बघितलं आणि पुन्हा सुरू केलं. पाळकांनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते.

बाकाच्या त्या टोकाला नणंद समोरच्या ओलीच्या डागाकडं बघत होती. खूप वेळ बघत होती. मग तिनं बोटाचं पेर वाकवलं आणि बाकाच्या लाकडावर वाजवलं.

एकदा.

सोमवारबाईनं लिफाफा सोडला. "हं," ती मालकांना म्हणाली. "आता न्या पुढं."